पगारपत्रकातले दोनशे रुपये

दर महिन्याच्या एक-दोन तारखेला माझ्या टेबलाशी कुणीतरी नवं पोर येऊन उभं राहतं. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी पगाराचं काम बघतो. पहिल्या पगाराचा आनंद पोरं मित्रांना सांगतात, पहिल्या कपातीचा धक्का घेऊन माझ्याकडे येतात. यंदा जूनमध्ये लागलेल्या एका मुलीने मोबाईलवरची स्लिप माझ्यापुढे धरली. "सर, पीएफ कळलं. हे पी.टी. दोनशे रुपये काय आहे? फिजिकल ट्रेनिंग?"

सांगितलं तिला. प्रोफेशन टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर. अकरा महिने दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. त्याहून एक रुपया जास्त घेता येत नाही, घटनेतच तशी मर्यादा घातली आहे.

"पण कशासाठी?"

"माझ्या आईच्या मजुरीसाठी," मी म्हणालो. सर विनोद करताहेत असं वाटून ती हसली आणि गेली. मी विनोद केला नव्हता, पण ते पगाराच्या धांदलीचे दिवस होते आणि ती गोष्ट सांगायला वेळ लागला असता.

त्याच दुपारी डबा खाताना नेहमीचा वाद निघाला. आमचा एक सहकारी नुकताच चीनला जाऊन आला होता. चकचकीत स्टेशनं, आठ पदरी रस्ते, सगळं फोटोंसकट. आपली मेट्रो किती वर्षं रखडली, कुणाची झोपडी आडवी आली, कोण कोर्टात गेलं, अशी यादी वाचून त्याने निकाल दिला, "आपल्याकडे लोकशाही जरा जास्तच झाली. अरे, आधी पोटोबा, मग विठोबा! पोटं भरली की हक्कबिक्क मागून येतात."

टेबलावर माना डोलल्या. माझीही थोडी डोलली असणार, कारण म्हण तोंडपाठ असली की मान आपोआप हलते. शिवाय चीनने कोट्यवधी माणसं गरिबीतून वर काढली, हे खोटं कसं म्हणणार? पण घरी येताना बसमध्ये ती म्हण डोक्यातून जाईना. आमच्या घरात पोटोबा नेमका कधी आणि कसा आला, हे मला माहीत आहे. तो आधी आला नव्हता.

पुण्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात आमचं गाव. १९७२ला आई वीस वर्षांची होती, लग्नाला दोन वर्षं झाली होती. विहिरी आटल्या, बैल गेले, आणि अख्खं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं. आई त्या दिवसांबद्दल बोलते तेव्हा उपाशीपणाबद्दल फार बोलत नाही. तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीबद्दल बोलते, ती कशी थापताना तुटायची. सुकडीबद्दल बोलते, पोरांना ती कशी आवडायची. आणि मस्टरबद्दल, म्हणजे कामाच्या हजेरीपटाबद्दल बोलते. मस्टरचा विषय निघाला की अजून तिचा आवाज चढतो.

खडीचं माप ब्रासवर. मुकादम येणार, ढिगाला टेप लावणार, तोंडाला येईल तो आकडा कारकुनाला सांगणार. बायकांच्या ढिगाचं माप हटकून कमी भरायचं. वर तीन आठवडे मजुरीच वाटली नव्हती. मग एके दिवशी चाळीसेक बायका तालुक्याच्या गावी चालत गेल्या. प्रत्येकीच्या पदरात स्वतः फोडलेली खडी. कचेरीच्या पायरीवर त्यांनी ती ओतली आणि तिथंच बसल्या.

"आम्ही काय भांडाय नव्हतो गेलो," आई सांगते. "मोजा म्हणलं. तुमच्या मापानं मोजा, पण आमच्या म्होरं मोजा."

तिसऱ्या दिवशी मजुरी वाटली. दोन आठवड्यांची. तिसऱ्या आठवड्याची कधीच मिळाली नाही, आणि आई ती गोष्ट अजून मनात धरून आहे.

हे एका गावाचं झालं. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. सलग तीन वर्षं पीक बुडालं होतं. एवढ्या टंचाईत माणसं किड्यामुंग्यांसारखी मरायला हवी होती, पण तसं झालं नाही. ती वाचली याचं कारण राज्य अचानक श्रीमंत झालं हे नव्हे. कामाची मागणी करता येत होती, मोर्चा काढता येत होता, वर्तमानपत्रांत बातमी येत होती आणि आमदाराला पुन्हा मतं मागायला यायचं होतं. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे मांडलं ते हेच: जिथे निवडणुका होतात आणि छापायची मुभा असते, तिथे मोठा भूकबळींचा दुष्काळ पडत नाही. त्यांच्या मांडणीतलं उलट टोकाचं उदाहरण माझ्या सहकाऱ्याच्या चीनचंच आहे. १९५८ ते १९६१ या काळात तिथे कोट्यवधी माणसं भुकेने गेली. खालचे अधिकारी वर भरघोस पिकाचे खोटे आकडे पाठवत राहिले, आणि 'आमच्या म्होरं मोजा' म्हणायला कुणाला जागा नव्हती.

दुष्काळातून रोजगार हमी योजना पक्की झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना आधीपासून लावून धरली होती. १९७७ला तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारभत्ता. पैसा कुठून आणायचा? म्हणून १९७५ला शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. जेवढा जमेल तेवढीच भर सरकारने घालायची. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराच्या पाकिटातून खेड्यातल्या बाईच्या हजेरीला. वडील तोवर भोसरीला कामाला लागले होते, आई गावीच होती. १९७९पर्यंत ती पाझर तलावांवर आणि नालाबंडिंगवर जात राहिली. म्हणजे त्या मुलीला मी जे सांगितलं ते हिशेबातसुद्धा बरोबर होतं.

गंमत अशी की गरिबी मोजायचं कामही याच सुमाराला पुण्यातच झालं. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ला हिशेब मांडला: १९६०-६१च्या भावांनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस, यापेक्षा कमी खर्च करणारा तो गरीब. पोटात किती उष्मांक जातात यावरून काढलेली रेषा. रेषा काढली हे बरंच केलं, नाहीतर कुणाला मोजलंच नसतं. पण आईला रेषा सांगितली तेव्हा तिने विचारलं, "आन् मुकादमानं कापलेलं त्यात धरलं का?"

वडिलांची गोष्ट उलट बाजूची आहे, आणि तीही सांगितली पाहिजे. कारखाने आले नसते तर आम्ही गावीच राहिलो असतो. पिंपरी-चिंचवडचा तो सगळा पट्टा, एमआयडीसी, कंपन्यांच्या निळ्या-खाकी गणवेशातली माणसं घेऊन पहाटे निघणाऱ्या बसेस. याच विकासाने माझी फी भरली. आता कोणी 'विकास' शब्द उच्चारताच नाक मुरडलं की मला राग येतो. पण वडील आधी किती वर्षं टेंपररी होते! सात महिने झाले की ब्रेक. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याचं थोडंफार संरक्षण मिळतं, म्हणून ते भरूच द्यायचे नाहीत. घरी ब्रेकचे दिवस मला आवडायचे, कारण बाबा घरी असायचे. आईचं तोंड का उतरलेलं असतं ते कळायचं नाही. असे सात ब्रेक झाले. १९८४ला कामगारांच्या संघटनेने करार केला आणि वडील पर्मनंट झाले. त्या संध्याकाळी त्यांनी पाव किलो पेढे आणले. आमच्या घरात भिंतीला रंग, मला नवं दप्तर, आईला दवाखाना हे सगळं त्या पेढ्यांनंतरचं. कारखाना तर आधीपासून तिथंच होता.

तेव्हा आम्ही जनवाडीत भाड्याच्या खोलीत राहायचो. आता तिथून चालत पंधरा मिनिटांवर, सेनापती बापट रस्त्याच्या आतल्या बाजूला, आमचा फ्लॅट आहे. पंधरा मिनिटांचं अंतर कापायला मला सत्तावीस वर्षं लागली, असं मी पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. बायको हे वाक्य पन्नासदा ऐकून कंटाळली आहे.

या रस्त्यावर सकाळी चालायला जातो. एका बाजूला काचेच्या इमारती, पंचतारांकित हॉटेल, मॉल; दुसऱ्या बाजूला पांडवनगर, वडारवाडी, वर गोखलेनगर-जनवाडी. जनवाडी ही पूरग्रस्तांची वसाहत. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं. धरणाचं काम पुरतं व्हायच्या आत त्या पावसाळ्यात पाणी साठलं होतं. पेठांतली नदीकाठची माणसं उचलून इकडे टेकडीखाली आणून बसवली. घराखालची जागा नावावर व्हावी म्हणून त्यांच्या सोसायट्या पुढे कित्येक दशकं सरकारी दारी खेटे घालत होत्या. आमचे घरमालक म्हणायचे, "पाणी एका दिवसात आलं, कागद काही येईना."

आणि रस्त्याला नाव कुणाचं? पांडुरंग महादेव बापट पारनेरचे. हुशार विद्यार्थी, शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले. म्हणजे यंत्राला घाबरणारा माणूस नव्हे. मुळशीला टाटांची कंपनी मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज काढायला धरण बांधू लागली, तेव्हा हा माणूस तिथल्या मावळ्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही शपथ. जमिनी कसणारे एक आणि कागदोपत्री मालक असलेले पुण्यातले सावकार दुसरे, अशी बऱ्याच ठिकाणी तऱ्हा होती. सावकारांना मोबदल्याच्या आकड्यात रस होता, कुळांना पायाखालच्या भातखाचरात. अखेर सत्याग्रह मोडला, बापटांना सेनापती ही पदवी आणि लांबलचक तुरुंगवास मिळाला, धरण झालं. पाणी आजही डोंगराखाली उतरून कोकणात भिऱ्याला वीज करतं.

पावसाळ्यात आम्ही मुळशीला जातो, भजी खातो. काठच्या वाड्यांत उन्हाळ्यात हंडे घेऊन फिरणाऱ्या बायका आपल्याला दिसत नाहीत, कारण उन्हाळ्यात आपण तिकडे जात नाही. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हणही आपलीच आहे. डब्याच्या टेबलावर ती कुणाला आठवली नाही. तेव्हा काही लोकशाही 'जास्त' झाली नव्हती. इंग्रजांचा १८९४चा भूसंपादन कायदा होता, सरकारने सार्वजनिक काम म्हटलं की विषय संपला. आणि स्वातंत्र्यानंतरही आपण तोच कायदा २०१३पर्यंत चालवला! नव्या कायद्यात खासगी प्रकल्पासाठी ८० टक्के बाधितांची संमती लागते. मुळशीकरांनी जे मागितलं ते कायद्याच्या भाषेत यायला नव्वद वर्षं लागली.

जानेवारी २०२३मध्ये जी-२०ची बैठक पुण्यात झाली, तीही या रस्त्यावरच्या हॉटेलात. विषय होता पायाभूत सुविधा. त्याआधी दोन-तीन आठवडे आमच्या रस्त्याचं नशीब उजळलं. खड्डे बुजले, दुभाजकात फुलझाडं आली, भिंतींवर वारली चित्रं. मला महात्मा फुले आठवले. १८८०मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात यायचे होते आणि नगरपालिकेने स्वागताला हजार रुपये काढले, तेव्हा हेच पैसे गरिबांच्या शिक्षणाला द्या, असं फुल्यांनी सभासद म्हणून सांगितलं आणि विरोधात मत दिलं. फुले स्वतः ठेकेदार होते, सार्वजनिक बांधकामांची कामं त्यांनी घेतली होती, तेव्हा दगड-चुन्याचं त्यांना वावडं नव्हतं. दोनच वर्षांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढेही त्यांनी तेच मांडलं: सारा भरतो शेतकरी, शाळा मात्र वरच्यांच्या पोरांना. पैसा कुणाकडून येतो आणि कुणावर जातो, एवढा एकच प्रश्न. पगारपत्रक बघणाऱ्या माणसाला तो लगेच कळतो.

जगाच्या पातळीवर हा वाद फार मोठ्या शब्दांत झाला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात मत, भाषण, काम, अन्न, निवारा सगळं एकाच कागदावर होतं. (त्यातलं 'सर्व पुरुष' जाऊन 'सर्व मानव' झालं ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहतांच्या आग्रहामुळे.) मग शीतयुद्धात त्याचे दोन तुकडे झाले आणि १९६६ला दोन वेगळे करारनामे आले: एकात बोलायचे हक्क, दुसऱ्यात पोटाचे. भारताने १९७९ला दोन्ही स्वीकारले. १९८६ला विकास हाच मानवी हक्क आहे असा ठराव संयुक्त राष्ट्रसंघात झाला, तेव्हा विरोधात एकट्या अमेरिकेचं मत पडलं. आईला हे दोन तुकडे समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला. पदरातली खडी यातल्या कुठल्या करारनाम्यात बसते ते मलाच सांगता आलं नाही.

माझी बहीण चिंचवडला राहते. तिच्याकडे २०१९पासून एकदिवसाआड पाणी येतं. पवना धरणातून बंदिस्त नळाने थेट पाणी आणायची योजना होती. नदीतलं पाणी गेलं तर आमच्या शेतीचं काय, म्हणून मावळातले शेतकरी ९ ऑगस्ट २०११ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर उतरले, बऊरजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघे गेले. त्यानंतर योजना दशकभर ठप्प. बहिणीला पाणी हवं आहे, ती काही चैन म्हणून मागत नाही. मावळातल्या माणसालाही हवं आहे. डब्याच्या टेबलावरच्या हिशेबाने पाहिलं तरी बंदुकीने तो नळ लवकर आला नाही. हडपसरला मगरपट्ट्यात शंभर-सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशेवर एकर जमीन एकत्र करून तिथे नवी वसाहत उभारायला स्वतःच कंपनी काढली, स्वतःच भागधारक झाले, तिथे कुणाला कुणावर काठी उगारावी लागली नाही. आता ज्यांच्याकडे मुळात जमीनच नव्हती, जे त्या उसात खुरपायला जायचे, त्यांचा भाग त्यात कुठला? माझ्या आईसारख्यांचा? हे मला मगरपट्ट्याचं कौतुक ऐकताना दर वेळी खुपतं.

बहिणीचा मुलगा डिलिव्हरीचं काम करतो. गेल्या दिवाळीत फोन आला, "मामा, आयडी बंद झाली." कारण? माहीत नाही. कुणाला विचारायचं? ॲपमध्ये एक चॅट आहे, तिथे यंत्र उत्तर देतं. वडिलांना ब्रेक देणारा निदान समोर खुर्चीत बसलेला असायचा. मी पोराला म्हणालो, चौघे-पाचजण मिळून ऑफिसात जा. तो म्हणाला, "मामा, ऑफिस कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही." पायरीच नसेल तर खडी ओतायची कुठे?

आमच्या सोसायटीत रोज सकाळी कचरा घ्यायला एक ताई येतात. गळ्यात ओळखपत्र, प्लास्टिकच्या पाकिटात, दोरी तुटली तिथे सेफ्टी पिन. ती बाई लहानपणी आईबरोबर उकिरड्यावर जायची. "तवा पोलीस चोर म्हणून पोत्यासकट धरायचे," ती सांगते. १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली, एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या कार्यकर्त्या आणि कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या साथीने, ओळखपत्रं आली, २००८ला 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था आणि महापालिकेशी करार. कचरा तोच, हात तेच. डायपर वेगळं बांधून त्यावर लाल ठिपका काढा, असं आता ती आम्हा इंजिनिअर-सीए लोकांना ठणकावून सांगते, आणि आम्ही काढतो. सेनापती बापटांनीही झाडूकामगारांची संघटना बांधली होती आणि स्वतः हातात झाडू घेऊन ते रस्ते झाडायचे, हे मी तिला सांगितलं. "ह्या रस्त्याचे बापट?" तिने विचारलं. "मग कुठला भाग झाडायचे?"

आमच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत. एक आरशाची, एक सामानाची. चार वर्षांपूर्वी सभेत ठराव झाला: घरकामगार, कचरावेचक आणि डिलिव्हरीवाल्यांनी सामानाचीच लिफ्ट वापरावी. मी बोलणार होतो. पण पुढचा विषय पाण्याच्या टँकरच्या थकबाकीचा होता, खजिनदार म्हणून तो मलाच मांडायचा होता, आणि कागद जुळवता जुळवता ठराव होऊनही गेला.

परवा रविवारी खाली उतरलो तर आई सामानाच्या लिफ्टसमोर उभी. नऊवारी, हातात रिकामी पिशवी. म्हटलं, "आई, ही नव्हे. ती आपली लिफ्ट."

"माहितीय," ती म्हणाली. "त्या आरशाच्या लिफ्टीत कुणी बोलत नाही. हितं कचऱ्याची पोरगी भेटती, चौथ्या मजल्यावरची स्वयंपाकीण भेटती. काल ती पोरगी इचारत होती, आजी, ह्या कागदावर काय लिवलंय."

कागद दोन लिफ्टच्या मधल्या भिंतीला आहे, लॅमिनेट केलेला. खाली तीन सह्या: अध्यक्ष, सचिव, खजिनदार.

"मग तू काय सांगितलंस?"

"मला कुठं वाचाय येतं? म्हणलं, माझा ल्योक आला की इचारते. खाली सही त्याचीच हाय, एवढी मला वळखू येती."

लिफ्ट आली. आत कचऱ्याच्या दोन बादल्या होत्या आणि त्या ताई. आई सरकून त्यांच्या शेजारी उभी राहिली, आणि दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.